दाराआडचं अर्धं शहर

सरांनी माझं चित्र दोन बोटांत वर धरलं आणि सगळ्यांना दाखवलं.

"हे पाहा रे! हिनं विलायतेत सावरगाव वसवलं."

सगळे हसले. मीही हसले. आज त्या माझ्या हसण्याचीच जास्त लाज वाटते.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी आठवीत होते, जाम नदीपलीकडच्या सावरगावात राहायचे. पांढुर्ण्याला ड्रॉइंगचे सर रविवारी घरी शिकवायचे. छिंदवाड्याच्या स्पर्धेला एकच चित्र जाणार होतं. माझा हात सगळ्यांत चांगला, असं सर स्वतः शाळेत म्हणाले होते. ते चित्र माझंच जावं, एवढं एकच मला हवं होतं.

सरांच्या बैठकीत भिंतीवर एक छापील चित्र होतं. कुठलंसं परदेशी शहर. नदी, पूल, मोठाले घुमट, टोकदार मनोरे, मागे सोनेरी ढग. ते पाहून तसंच काढायचं. बाकीची मुलं आत सतरंजीवर. उठून जवळ जायची, पेन्सिल धरून माप घ्यायची. मी ओसरीवर, चपलांजवळ.

पहिल्याच रविवारी सर म्हणाले होते, "तू बाहेरच बस. उजेड चांगला आहे."

हेच सर शाळेत समतेवर भाषण द्यायचे. दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे. मला ते कळायला चार रविवार लागले.

दोन फळ्यांच्या त्या दाराची एक फळी कायम लावलेली असायची. तिच्यामागे अर्धं चित्र झाकलेलं. पूल त्या फळीमागे जायचा, पुढे कुठे उतरायचा ते मला कधी दिसलं नाही. कागद तर अर्धा उरला होता. मग मी तो पूल जाम नदीच्या आमच्या काठावर उतरवला. कवेलूच्या छपरांची घरं काढली. आमचं बुद्धविहार काढलं. डोक्यावर कापसाचं गाठोडं घेतलेली आई काढली.

हसणं थांबल्यावर सरांनी चित्र आणि खोडरबर पुढे केलं. हातात दिलं नाही, उंबऱ्यावर ठेवलं.

"हे खोड. नीट काढ, मग पाठवू."

मी खोडायला लागले. राग आला नाही, रडूही आलं नाही. हात दुसऱ्या कोणाचा असावा तसा चालत होता. एक घर गेलं. दुसरं गेलं. विहार गेलं. आईपाशी आल्यावर हात थांबला.

"सर, आत येऊन पाहू द्या. मंग खोडते."

सर बैठकीतूनच म्हणाले,

"तिथून दिसते तेवढं पुरे झालं तुले."

"इथून अर्धंच दिसते, सर."

सरांनी एकदा त्या फळीकडे पाहिलं. उघडली नाही. मी कागद गुंडाळला, चपला घातल्या आणि निघाले. छिंदवाड्याला दुसऱ्याचं चित्र गेलं.

घरी आई भाकरी थापत होती.

"काहून व, लवकर आली?"

मी कागद उलगडून दाखवला. तिनं पिठाचा हात लुगड्याला पुसला, वाकून पाहिलं.

"हे मी होय काय?"

"हो."

"अन् घरं कुठं गेली?"

"खोडली."

"कोणं?"

"मीनंच."

आई परत भाकरी थापायला लागली. तेव्हा कुठे मला आतून काहीतरी लागलं. सरांनी फक्त सांगितलं होतं. खोडलं मी होतं.

त्याच दुपारी घरं पुन्हा काढली. विहार काढलं. पेन्सिल इतकी दाबून, की कागदाच्या मागून अजूनही बोटाला रेघा लागतात. घुमट तसेच ठेवले. तेही माझ्याच हातचे आहेत, ते का सोडू?

ते चित्र मी कुठल्या स्पर्धेला दिलं नाही, देणार नाही. माझ्या हातानं माझं घर मी पुन्हा खोडणार नाही. सांगणारा कोणीही असो.