अर्ध्या दिवसाची वाट

आई गेली तेव्हा मी दोन वर्षांची होते. शिरूरकडून मेंढरं घेऊन पाटसला निघालेल्या वाटेवर ती तापानं गेली. माझ्या वडिलांनी, आबांनी, तिला तिथेच एका बांधाशेजारी पुरलं आणि दुसऱ्या दिवशी कळप पुढे हाकला, कारण मेंढरांना थांबून भागत नाही. पुढे मेंढरं विकली, आम्ही शेतीला लागलो. ती जागा मात्र मला कुणी दाखवली नाही आणि याचा मला फार राग होता. आईचा चेहरा आठवत नाही, निदान जागा तरी हवी होती.

आबांची नजर अधू व्हायला लागली तशी मी घाईला आले. सुट्टीच्या दिवशी मी दोन माणसांचं छोटं, उघडं विमान उडवते. त्यात बसवून नेते म्हटल्यावर आबा टोपी आवळून तयार. त्या वाटेवरच्या राहू गावापासून किती लांब, विचारलं, तर पाटसच्या अंगाला अर्ध्या दिवसाची वाट म्हणाले. माणूस तेवढ्यात बारा किलोमीटर जाईल. मेंढरं चरत चालतात म्हणून मी सहाच धरले. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन हातातल्या जीपीएसमध्ये राहू, मग सहा किलोमीटरवरचा तो पॉइंट, मग पाटस असं भरलं आणि यंत्र मांडीला बांधलं.

राहूवर पीप वाजली. बाण वळला, मीही वळले. मागच्या सीटवरून आबा सगळं रान उसानं गिळलं म्हणून कुरकुरत होते. आकडा सहावरून शून्यावर आला. खाली ऊस आणि एक शेततळं.

"हितं न्हाई," हेडफोनमध्ये आबा म्हणाले.

मी चिडले. अर्धा दिवस तुम्हीच सांगितलात, मेंढरांची चाल धरूनच मोजलंय, असं चांगलंच ऐकवलं.

"मेंढरं चालत हुती गं. तुझ्या आईला चालवत नव्हतं. धा पावलं टाकायची आन् बसायची. दुपार झाली तरी राहू मागं दिसतच हुतं." मग म्हणाले, "आन् तू तिच्या कडेवर. कुणाकडं देतच नव्हती."

इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मी विमान राहूकडे वळवलं. वेग कमी केला, आणखी कमी केला. याहून हळू झालं तर ते हवेत टिकत नाही. तरी खालचे बांध भराभर मागे जात होते, आणि मला त्यातला एकही नीट पाहता येत नव्हता.