अकरा वाजताची मोजणी

"सर, ही पेटी सात फ्रेमची आहे. उघडायची गरज नाही," शबाना म्हणाली आणि माझं डोकं सणकलं.

वज्रेश्वरीजवळ दामूभाऊंच्या काकडीच्या मळ्यात आम्ही उभे होतो. काकडीला फळ धरायला मधमाश्या लागतात, म्हणून त्यांनी शबानाच्या तीन पेट्या भाड्याने ठरवल्या होत्या. नारपोलीतले घरचे कापडाचे लूम बंद पडल्यावर तिनं मधमाश्या पाळायला घेतल्या. हे तिचं पहिलंच काम. प्रत्येक पेटीत किमान सहा फ्रेम भरलेल्या हव्यात आणि ट्रेनर म्हणून मी तशी सही करायची, असं ठरलं होतं. फ्रेम म्हणजे पोळं बांधायची लाकडी चौकट. दोन्ही बाजूंनी माश्यांनी झाकलेली असेल तरच ती एक धरायची.

मी बावीस वर्षं फ्रेम उचलून मोजतोय. ही बाई पेटीच्या दाराशी बसते, पराग घेऊन येणाऱ्या माश्या बघते आणि आकडा सांगते. वर तो बरोबर निघतो. मधमाशीपालनाच्या शिबिरात लोक आता मला सोडून तिला विचारतात. माझ्या पोटात दुखायचं, अगदी उघड दुखायचं.

"उघडूनच बघू," मी म्हणालो. अकरा वाजले होते. माश्या शांत व्हाव्यात म्हणून स्मोकरचा धूर दिला, एकेक फ्रेम उचलली. पहिली पेटी जेमतेम पाच. दुसरीही पाच. तिसरी साडेचार.

"कमजोर!" मी मोठ्यानं म्हणालो. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

दामूभाऊंचा चेहरा पडला. "मंग ह्या पेट्या काय कामाच्या न्हाय. ताई, परत न्या. मी दुसरीकडं बघतो."

आता खरं सांगतो. अकरा वाजता बऱ्याच माश्या बाहेर फुलांवर असतात. मोजणी सकाळी, त्या उडायच्या आधी करायची, हा पहिला धडा. तो मीच शिकवतो. पेटी उघडताना मला तो आठवलाही होता.

शबानानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, सरांचा आकडा बरोबर आहे. पण माश्या आत्ता तुमच्याच काकडीवर गेल्यात. सर उद्या उजाडताच परत मोजणार आहेत. हो ना, सर?"

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी उजाडताच मोजलं. सात, सात, साडेसहा. मी सही केली. पेट्या मळ्यात राहिल्या.

तिनं मला चारचौघांत सांभाळून घेतलं, त्याचीच जास्त जळजळ झाली. तिच्या जागी मी असतो तर घेतलं नसतं.

तेव्हापासून एक नियम पाळतो. ज्याच्यावर आपण जळतो, त्याची पेटी आपण मोजायची नाही. शबानाच्या पेट्या आता दुसरा ट्रेनर मोजतो.