तीनदा विझलेली मेणबत्ती

२००७ साल. मला तेव्हा एकसष्टावं लागलं होतं. शाळा चौथीतच सुटली, पण पनवेलात मी सेंट्रिंग केलेला एकही स्लॅब कधी फुगला नाही. शिकलेल्या इंजिनिअरलाही मी पाणसळ लावून, पातळी दाखवून गप्प बसवलंय. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्यात मिरवण्यासारखं काही नाही.

एका नव्या इमारतीच्या आवारात जमिनीखाली पाण्याची टाकी होती. पावसाळ्याआधी तिच्यावर स्लॅब पडला आणि आतल्या फळ्या, टेकू काढायचे राहून गेले. चार महिने टाकीच्या तोंडावर पत्रा. दसरा झाल्यावर ठेकेदार म्हणाला, लाकूड काढून घ्या. माझ्याबरोबर माझा जोडीदार होता, गव्हाण गावचा. माझ्याहून बारा वर्षांनी लहान. वीस वर्षं आम्ही दुपारचं जेवण एकत्र जेवलो.

पत्रा सरकवला. आत काळोख. खाली पाणी किती साचलंय ते बघायला आम्ही नेहमी मेणबत्ती सोडायचो. रंगाच्या डब्याच्या झाकणात ती चिकटवायची आणि झाकण सुतळीने खाली सोडायचं. त्या दिवशी ती दोन हात गेली आणि विझली. वर ओढली, पेटवली, पुन्हा सोडली. त्याच जागी विझली. तिसऱ्यांदाही तिथेच. वाऱ्याचा तर मागमूस नव्हता.

“मिस्त्री, ही तुमच्यापेक्षा हट्टी हाय,” जोडीदार हसला.

“वाण्याने ओली वात गळ्यात मारलीय.”

त्याने वाकून वास घेतला. “कुजल्यासारकं येतंय. आज उगडी राहू दे. उद्या उतरू.”

“जा, बायकोला विचारून ये उतरू का म्हणून. नाहीतर तू बस वर, मी म्हातारा उतरतो.”

“तुमी उतरनार, आन मी वर बसून शेंगा खाऊ? सरका.”

वॉचमनची बॅटरी घेऊन तो शिडीवरून उतरला. पाच-सहा पायऱ्या गेला असेल. “मिस्त्री,” एवढंच म्हणाला. मग पाण्यात धप्पकन आवाज झाला.

मी आत पाय टाकला होता. वॉचमनने मागून कमरेला मिठी मारून मला ओढलं, म्हणून मी आज हे लिहितोय. खाली बॅटरी मात्र जळत राहिली होती. तिच्या उजेडात त्याचा शर्ट दिसत होता, आणि तो हलत नव्हता.

अग्निशमनवाले पाठीला हवेची नळकांडी लावून उतरले. त्याला वर काढलं तेव्हा त्याच्यात जीव उरला नव्हता. त्यांच्यातला एक जण माझ्यापाशी आला. “काका, उतरण्याआधी मेणबत्ती सोडून बघितली होती का?”

“नाही,” मी म्हणालो. झाकण माझ्या हातात होतं, ते मी हळूच रेतीच्या ढिगामागे टाकलं.

“बघायला हवं होतं. ज्योतीला जळायला हवेतला ऑक्सिजन लागतो, माणसालाही तोच. बंद टाकीत ओलं लाकूड कुजत राहतं आणि तो संपवून टाकतं. मेणबत्ती विझली की समजायचं, खाली आपल्यालाही श्वास नाही.”

चाळीस वर्षं मी मिस्त्री म्हणून मिरवलो आणि हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असलेल्या माणसासमोर मी खोटं बोललो.

संध्याकाळी इस्पितळाच्या आवारात ठेकेदार जो येईल त्याला सांगत होता, “पिऊन उतरला असणार.” जोडीदाराने मुलीच्या लग्नात दारू सोडली, त्याला सात वर्षं झाली होती. त्याची बायको माझ्याकडे आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

“भाऊजी, तुमी होता तिथं. खरंच पिले होते?”

मी म्हणालो, “माझं लक्ष नव्हतं.” माझ्या तोंडून हे आलं. ती जाऊन भिंतीशी बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रेतीच्या ढिगामागे ते झाकण शोधलं. मेणबत्ती त्याला तशीच चिकटलेली होती. ते घेऊन गव्हाणला गेलो. अंगणात सगळं गाव बसलं होतं, ठेकेदारही. मी झाकण तिच्यापुढे ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. “तो प्यायलेला नव्हता. ही मेणबत्ती तीनदा विझली. तो उद्या उतरू म्हणत होता. मी त्याला हिणवून उतरवलं.”