रेमिहिया मावशीची गाचास

अर्धी चढण संपली तशी रेमिहिया मावशी ऑलिव्हच्या बांधावर टेकली. कबरस्तान खाली दरीत आणि गाव वर डोंगरात. बेचाळीस पायऱ्या, मग नुसती चढण. कुस्तोदियाने हातातली बादली आणि घासायचा ब्रश खाली ठेवला. शेजारधर्म म्हणून सर्व संतांच्या सणाला ती दरवर्षी मावशीबरोबर जायची.

"मावशी, ब्लासकाकांची कबर आरशासारखी लख्ख केलीत की! आणि एरवी त्यांचं नाव काढलं तरी तुमच्या कपाळाला आठ्या."

"घासायला कोण जातंय? दगड जागचा हलला नाही ना, ते बघायला जाते मी."

कुस्तोदिया हसली. मावशीही हसली, पण तिचं हसू लगेच विरलं.

नवरा ब्लास प्यायचा, आणि प्यायला की कमरेचा पट्टा काढायचा. मावशीचं उजवं मनगट त्यानेच मोडलं होतं. ते वाकडंच बसलं, म्हणून ऑलिव्ह वेचायला गेली तरी ती डाव्या हाताने वेची. वीस वर्षांपूर्वी खेचरावरून पडून तो गेला. तिने काळे कपडे घातले, देवळात प्रार्थना करवून घेतली, लोकरीतीत कुठे कमी पडली नाही. फक्त रडली नाही. एकुलता एक फेर्मिन मोठा झाला आणि गावातल्या इतर पोरांसारखाच जर्मनीला कारखान्यात गेला. यंदा ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत तो यंत्रात सापडला. त्याला तिकडेच पुरलं. मावशीच्या हाती एक पत्र आलं आणि त्याचं घड्याळ.

"आज घरी गाचास करणार ना?" कुस्तोदियाने विचारलं.

"करणार. खाऊ पण. पण उरलेलीचं काय करू, तेच कळत नाही बघ."

त्या डोंगरात आज घरोघर गाचास, म्हणजे पिठाची गोड लापशी, शिजते आणि उरलेली दाराच्या किल्लीच्या भोकात भरतात, म्हणजे रात्री हिंडणारे मेलेले आत शिरत नाहीत. बाकीच्या घरांत तो पोराटोरांचा खेळ. मावशी मात्र वीस वर्षं बोटाने ठासून ठासून भरत आली होती.

"यंदा बुजवलं तर फेर्मिन बाहेर राहील," मावशी जमिनीकडे बघत म्हणाली. "नाही बुजवलं तर आधी त्याचा बाप येईल. तो इथं पायथ्याशीच. माझ्या पोराला जर्मनीहून चालत यायचंय."

"फादर म्हणतात ना, आत्मे देवाच्या हातात असतात. त्यांना कसली आलीत भोकं!"

"फादर खरंच बोलतात. पण फादर नवीन आहेत. त्यांनी ब्लासला कुठं बघितलंय?"

 कुस्तोदियाने मावशीच्या काखेत हात घातला आणि दोघी उरलेली चढण चढल्या.

घरी आल्या आल्या मावशीने चूल पेटवली. तेलात लिंबाची साल टाकली, ती काळपटली तशी काढून बडीशेप टाकली. मग पीठ. डाव्या हाताने ती परतत राहिली, कच्चट वास जाऊन खमंग सुटेपर्यंत. दूध ओतताना म्हणाली, "ढवळ गं जरा. गुठळ्या झाल्या तर माझं नाव जाईल."

"तुमचं नाव काय असं सहजासहजी जातंय, मावशी?"

गाचास रटरटायला लागली. मावशीने साखर, दालचिनी घातली, वर पावाचे तळलेले तुकडे पसरले. दोघींनी क्रूसाची खूण केली आणि जेवायला बसल्या. मावशीने दोन चमचे खाल्ले आणि चमचा ठेवला. बाहेर गल्लीत पोरं ओरडत एकेक दार बुजवत येत होती. मावशी उठली, तळाची घट्ट गाचास बोटावर घेतली आणि स्वतःच्या दाराच्या भोकात भरली. दरवर्षीसारखीच, ठासून. मग तिथेच दाराला कपाळ लावून उभी राहिली. कुस्तोदियाने चमचा खाली ठेवला.

बऱ्याच वेळाने मावशी वळली. डोळे कोरडेच होते.

"तुझ्या घरात ब्लासने कधी पाऊल टाकलं नाही. तुझ्या सासऱ्याने त्याला एकदा उंबऱ्यावरून हाकललं, तेव्हापासून तो तुमच्या भिंतीच्या सावलीलाही जायचा नाही. बाप पिऊन आला की पोराला मी तिकडे पळवायची. किती रात्री झोपलाय तो तुझ्या सासूच्या कुशीत. तुझं दार त्याला अंधारातही सापडेल."

कुस्तोदियाला आपली सात महिन्यांची लेक आठवली. तिचा पाळणा त्याच दाराच्या आत होता.

मावशीने एक वाटी भरली, वर फडकं झाकलं आणि तिच्या हातात दिली.

"पोरी, तुझ्या दाराचं भोक आज उघडं ठेवशील का? एवढी एकच रात्र."