बैठकीच्या फोटोत कुंदा

मंडळी, नवेगावबांध इथं दर रविवारी आम्हा सिकलसेलवाल्यांची, म्हणजे रक्ताचा हा पिढीजात आजार असलेल्यांची, बैठक असते. दुखणं एकमेकांना सांगितलं की हलकं वाटते. मागच्या बैठकीचा फोटो मी इथं टाकला होता.

आज सकाळी शेजारच्या काकू दारात उभ्या. "फोटो कायले टाकलास वं? तो पाहून पाहुण्यायनं आमच्या कुंदाचं जुळलेलं लग्न मोडलं."

कुंदाला सिकलसेल नाही. ती माझे दुखरे पाय चोळून द्यायला येते. फोटोत तेच दिसते.

"रिपोर्ट दाखवा ना त्यायले," मी म्हटलं.

"कोण पाहून राहिलं रिपोर्ट?"

फोटो इथून काढून टाकायला बसले. खाली पहिलीच कमेंट लग्न मोडणाऱ्या त्या मुलाच्या वडिलांची होती: "स्तुत्य उपक्रम. समाजाला अशाच मुलींची गरज आहे."

समाजाला गरज म्हणजे नेमकी कोणाच्या घरात, सांगाल का?