दादाला मळायला दिलेला तंबाखू

मला पाइपचा शौक आहे हे सांगताना पूर्वी माझी छाती फुगायची. आता कुणी तो विषय काढला की मी पाणी आणायच्या निमित्तानं आत जातो. नागपुरात पाइप ओढणारे असून असून असतील किती? खर्रा खाणारे मात्र पैशाला पासरी. त्यामुळे मी स्वतःला कुणीतरी वेगळा समजायचो. खर्रा खातो तो व्यसनी आणि पाइप ओढतो तो रसिक, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवायचो. लिहिताना लाज वाटते, पण बोलायचो.

हिंगण्याला एका रंगाच्या कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. या डब्यातल्या आणि त्या डब्यातल्या रंगात फरक काय, हे दिवसभर पाहायचं, हेच माझं काम. पहिला पाइप मला निवृत्त होणाऱ्या एका साहेबांनी जाताना हातात ठेवला, आणि ही फरक पाहायची खोड घरापर्यंत आली. व्हर्जिनिया म्हणजे पिवळसर, गोडसर पान. बर्ली कोरडं, भाजलेल्या दाण्यांच्या वासाचं. लताकिया धुरावर वाळवलेलं काळं पान, डबा उघडला की शेजारी कुणी चूल पेटवली की काय असं वाटावं. ही पानं कमी-जास्त करून एकत्र केली की जे मिश्रण होतं त्याला आम्ही ब्लेंड म्हणतो. आम्ही म्हणजे कोण, तर मी एकटाच. परदेशातून येणारा नातेवाईक असला की मी फोन करायचो, बाबा, चॉकलेटं नको, तंबाखूचे डबे आण. मग रविवारी प्रतापनगरच्या घराच्या मागच्या गॅलरीत दोन पाइप, तीन डबे आणि एक वही घेऊन बसायचो. पहिला झुरका कसा, शेवटचा कसा, जीभ भाजली की नाही, सगळं वहीत. बायको म्हणायची, "पोरीच्या वह्यांत कधी एवढं डोकं घातलं नाही तुम्ही." नव्हतंच घातलं.

एवढं सगळं असून एका गोष्टीची चुटपुट होती. जोडीला कुणी नव्हतं. "ह्या ब्लेंडमध्ये मागून मनुकांचा वास येतो बघ," असं म्हटल्यावर "हो रे, येतो खरा," म्हणणारं माणूस मिळत नव्हतं. आणि ते माणूस मिळालं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी अक्कल गहाण टाकली.

ते माणूस म्हणजे माझा मोठा भाऊ. दादाचं नागपूरच्या महाल भागात शिवणकामाच्या सामानाचं दुकान आहे, बटणं, चेन, अस्तर असलं सगळं. दुकानासमोरच पानठेला. मिसरूड फुटल्यापासून दादा खर्रा खायचा. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून चांगला घोटलेला, गालात धरला की तासभर बोलणं बंद. गिऱ्हाइकाला तो बटणाचा भावसुद्धा बोटांनी सांगायचा. आम्हाला त्याचं हसू यायचं. मग एकदा त्याला पाणीपुरी तोंडात घालता येईना. तोंडच तेवढं उघडेना. वहिनी त्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली, सोबत मी होतो. बाईंनी बॅटरी लावून पाहिलं. गालात आतून पांढरा चट्टा होता. त्या म्हणाल्या, "हा अजून कॅन्सर नाही, पण त्याच रस्त्यावर आहे. तंबाखू आज सोडलात तर इथंच थांबेल बहुतेक. नाही सोडलात तर पुढचं मला विचारू नका."

दादानं खिशातली पुडी तिथंच बाईंच्या टेबलाखालच्या डब्यात टाकली. आणि खरंच सोडलं त्यानं. पंधरा दिवस घरात कुणाशी धड बोलला नाही, बडीशेप खाऊन खाऊन जीभ सोलून घेतली, पण ठेल्यावर गेला नाही. सगळ्यात वाईट संध्याकाळ. दिवे लागले की समोर घोटायचा आवाज सुरू आणि दादाचे पाय आपोआप तिकडे. शेवटी वहिनीनंच तोड काढली. म्हणाली, "संध्याकाळी तुम्ही भाऊजीकडे जात जा. दोन तास दुकान मी पाहते. तिकडं ठेला नाही, काही नाही. भावाभावांनी गप्पा मारा." दिवसभर घरचं करून ती बाई रोज संध्याकाळी गल्ल्यावर बसू लागली, आणि दादा स्कूटरनं माझ्याकडे येऊ लागला. म्हणजे दादाला तिनं माझ्या हवाली केला होता. मला हे तेव्हाही कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

बायको पहिल्याच दिवशी म्हणाली, "त्यांच्यासमोर तरी नका ना ओढू." मी उसळलो. म्हटलं, "तो खाणारा माणूस आहे, ओढणारा नाही. वासानं काय होते? उगाच शहाणपणा नको." तिनं गॅलरीचं दार लावून घेतलं.

दादा खुर्चीत बसून माझे डबे पाहायचा. सुरुवातीला नुसता हसायचा. "एवढाले डबे! आपल्या ठेल्यावाल्याकडे बी नसतीन." मग एकदा त्यानं एक डबा नाकाशी नेला आणि म्हणाला, "याच्यात दोन पानं आहेत. एक जुनं, एक नवं. आन् हा वला राहिला गा, थोडी हवा लागू दे त्याले." मी डब्यावरचं बारीक छापलेलं वाचून पाहिलं. बरोबर होतं. दुसरा डबा दिला, तेही बरोबर. अरे देवा, काय नाक होतं माणसाचं! मी इतकी वर्षं वही भरून जे शोधत होतो ते हा एका हुंगण्यात सांगत होता. मी दुसऱ्या दिवसापासून घड्याळ बघत त्याची वाट पाहू लागलो. दादानं तंबाखू सोडला आहे, ही गोष्ट त्या दोन तासांत माझ्या सोयीनं मागं पडू लागली.

आता जे मी केलं ते सांगतो. काही तंबाखू दाबून चपट्या वड्या करून येतो. ती वडी तळहातावर मळून मोकळी करावी लागते, नाहीतर पाइपात नीट पेटत नाही. मला ते कधी नीट जमलं नाही. मी खुडबूड करत होतो तेव्हा दादा वैतागला. "दे इकडं. एवढं बी जमत नाही का बे तुले?" त्यानं वडी घेतली, डाव्या तळव्यावर ठेवली आणि उजव्या अंगठ्यानं दोन मिनिटांत असा तंबाखू मोकळा केला की मी बघतच राहिलो. त्या दिवशीचा पाइप कधी नव्हे इतका सुंदर लागला. एकदा झालं ते झालं, असं म्हणता आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी मीच वडी काढून त्याच्यापुढे धरली आणि म्हटलं, "दादा, मळून दे ना." तंबाखू सोडलेल्या माणसाच्या तळहातावर मी रोज स्वतःच्या हातानं तंबाखू ठेवू लागलो.

आठवडाभरानं मी पाहिलं. मळून झाल्यावर त्यानं तंबाखू माझ्या वाटीत ओतला, आणि तळव्यावर राहिलेली चिमूट, मिशी पुसल्यासारखा हात तोंडाशी नेऊन, ओठाआड टाकली. माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलंय हे त्याला कळलं. गॅलरीत दुसरं कुणी नव्हतं. त्या क्षणी मी "थूक" म्हणायला हवं होतं. थूक, लगेच थूक. धाकटा असलो तरी म्हणायला हवं होतं.

मी विचारलं, "कसा लागला?"

तो जरा थांबून म्हणाला, "आधी गोड लागला. मग घशाकडं मिरं लागल्यासारखं." आणि मी ते वहीत लिहून घेतलं. त्याच्या शब्दांत. माझ्याच अक्षरात आहे ते, पुसताही येत नाही.

मग रोजचंच झालं. तो घरी काही नेत नव्हता, ठेल्यावर जात नव्हता. जे व्हायचं ते माझ्या गॅलरीत, माझ्या डब्यातून. मी मनाची समजूत घालायला कारणं शोधून ठेवली होती. सुपारी तर नाही ना यात. चुना नाही. चांगला परदेशी माल आहे, आणि चिमूटभरच तर आहे. मग एके दिवशी रुमाल काढताना दादाच्या खिशातून चुन्याची डबी पडली. आम्ही दोघंही तिच्याकडे पाहत बसलो. मग त्यानं ती उचलली आणि मी दुसऱ्या ब्लेंडचा विषय काढला.

मधे एकदा वहिनी दुपारची घरी आली. कोथिंबीर भरलेल्या सांबारवड्या घेऊन, मला आवडतात म्हणून मुद्दाम केलेल्या. म्हणाली, "तुमच्यामुळं झालं भाऊजी. माह्यानं काही झालं नसतं. सहा महिने झाले, पुडीले हात नाही लावला त्यायनं." बायको माझ्याकडे पाहत होती. तिला सगळं नाही तरी पुष्कळसं कळलं असावं. मी म्हणालो, "त्यात माझं काय वहिनी, दादाचीच जिद्द." आणि तीन वड्या खाल्ल्या. एवढं बोलून वर वड्या घशाखाली कशा गेल्या माझ्या, कोण जाणे.

पुढच्या तपासणीला आम्ही तिघं गेलो. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावली आणि पुष्कळ वेळ काढली नाही. चट्टा वाढला होता. मधे लालसर झाला होता. त्यांनी विचारलं, "खरं सांगा, तंबाखू सुरू आहे का?"

दादा म्हणाला, "नाही. हात नाही लावला."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही भाऊ ना? खरं आहे का हे?"

वहिनी माझ्याकडे मोठ्या विश्वासानं पाहत होती. मी म्हणालो, "हो. रोज संध्याकाळी माझ्यासमोरच असतो."

बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "सोडूनही वाढतोय म्हणजे चांगलं लक्षण नाही. आजच तुकडा काढून तपासायला पाठवू. आणि तिखट, गरम एकदम बंद करा." दादाला आत न्यायची तयारी होईपर्यंत आम्ही बाहेर आलो. वहिनी कागद करायला खिडकीवर गेली तेव्हा दादानं माझं मनगट धरलं. "तू काहून खोटं बोलला?"

"तू बोललास म्हणून."

"मी तुह्यासाठी बोललो बे. तुह्या वहिनीसमोर तुह्या घरचं नाव काढू का मी? माहं तोंड आहे, मी पाहून घेईन. तुले काय गरज होती?" तेवढ्यात त्याला आत बोलावलं. मी तिथंच उभा राहिलो. इतकं लहान मला कुणी कधी केलं नव्हतं, आणि त्यानं ते रागानंही केलं नव्हतं.

तो तुकडा वाईट निघाला, गालाचा एक भाग काढावा लागला, आज दादा दुकानात बसतो पण सावकाश बोलतो आणि भात कुस्करून खातो, हे सगळं पुढचं. त्या वेळी आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. मी आणि वहिनी बाकावर बसलो होतो. ती पदर बोटाला गुंडाळत होती. मग एकदम रडायला लागली.

"माह्यामुळंच झालं भाऊजी हे."

"तुमच्यामुळं कसं?"

"तिखट. डॉक्टरीणबाई बोलल्या ना. माह्या हातचा रस्सा असा जाळ असते. त्यायले तसाच आवडते म्हणून मी अजूनच टाकत होती. एवढं सोडलं बिचाऱ्यानं, आन् मी त्यायच्या तोंडात आग घालून राहिली होती रोज."

मग मात्र मला बसवेना. मी सांगितलं. डबे, वड्या, मळायला देणं, चिमूट, चुन्याची डबी, सगळं. वहीत लिहिलं होतं तेसुद्धा सांगितलं. मान वर करून नाही सांगता आलं, फरशीकडे पाहून सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल, चार लोकांत माझी शोभा करेल. केली असती तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "त्यायच्या शर्टाले वास यायचा तुमच्या त्या तंबाखूचा. गोड. मी रोज शर्ट धुवायले टाकायच्या आधी नाकाले लावून पाहत होती. मले बरं वाटत होतं भाऊजी. वाटे, आज बी ठेल्यावर नाही गेले, तुमच्याकडंच होते."

मग तिनं डोळे पुसले, कागदांची पिशवी उचलली आणि समोरच्या बाकावर जाऊन बसली.