क्रमांक घातलेला शिंपला

ही पोर आता सावरायची नाही, ही धास्ती लेओकादियाच्या मनातून जाता जात नव्हती. तिची लेक ओतिलिया मक्याची भाकरी हातात धरून बसायची, ती गार व्हायची, मग कोंबड्यांपुढे टाकायची. बाळ जाऊन चाळीस दिवस होत आले होते. नवरा सरहद्दीपलीकडे कामाला, तो आलाच नाही.

एरवी हीच ओतिलिया टेकडीवरच्या उत्खननात शिंपले आणि दगडी मणी धुवायची. तिचा धर्मपिता, बाप्तिस्म्यात तिला हाती धरणारा मासेदोनियो, तीस वर्षं तिथं माती उकरत होता, त्यानंच तिला कामाला लावून घेतलं. वस्तू जिभेला लावून बघ, असं त्यानं शिकवलं. चिकटली तर हाड, गुळगुळीत गार लागली तर शिंपला, आणि चवदार लागली तर आईच्या हातची नाही एवढं नक्की. हे तो लेओकादियाच्या तोंडावर म्हणायचा. ओतिलियाचं अक्षर बारीक, म्हणून प्रत्येक वस्तूच्या पाठीवर काळ्या शाईनं क्रमांक घालायचं कामही तिच्याचकडे आलं.

ती पोटुशी असताना तिथं एका तान्ह्या बाळाची प्राचीन कबर निघाली. मनगटापाशी भोकं पाडलेल्या शिंपल्यांची माळ होती. तेव्हाच्या लोकांनी त्याला रिकाम्या हातानं नाही पाठवलं, असं ती कितीतरी दिवस सांगत होती.

मग तिची स्वतःची मुलगी आठव्या दिवशी गेली. शाल राहिलीय म्हणून ओतिलिया त्या दुपारी टेकडीवर जाऊन आली. लेओकादिया नातीला पांढरा झगा घालत होती, तेव्हा ओतिलियानं त्या एवढ्याशा मुठीत शिंपला ठेवला. पाठीवर बारीक काळे आकडे होते. लेओकादियानं ते पाहिले आणि मूठ मिटवली. घाईघाईनं उरकलेल्या बाप्तिस्म्यात त्या बाळाचाही धर्मपिता मासेदोनियोच झाला होता. रिवाजाप्रमाणे त्यानंच तिची शवपेटी छातीशी धरून नेली.

महिन्यानं वस्तू शहरात पाठवताना माळेतला एक शिंपला कमी भरला. वस्तू ठेवायच्या खोलीची किल्ली मासेदोनियोकडे असायची. त्याला घरी बसवलं. म्हाताऱ्यानं नवं छप्पर कशातून घातलं, असं बाजारात बायका विचारू लागल्या.

आज सकाळी तो आला. फडक्यात गुंडाळलेली आपली थापी त्यानं ओतिलियापुढे ठेवली. ती उठून आत गेली.

"मीच घेतला म्हणून उद्या सही करून देतो, कोमाद्रे," धर्मलेकीच्या आईला हाक मारायची तसा तो लेओकादियाला म्हणाला.

"वेड लागलंय तुम्हाला?"

"नाहीतर पुढचा प्रश्न पोरीला विचारतील. शालीसाठी किल्ली मीच दिली होती तिला." तो टोपी हातात फिरवत राहिला. "कुठं आहे ते मला सांगू नका. मला खोटं बोलता येत नाही."

तो गेल्यावर लेओकादिया आत आली. ओतिलिया भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"सांगितलंस तर ते तिला उकरतील, आई. ब्रशनं, हळूहळू. मी पाहिलंय कसं करतात ते."

 लेओकादिया गप्प राहिली तर मासेदोनियो चोर म्हणून मरणार होता, बोलली तर लेक हातची जाणार होती. आणि गप्प राहूनही लेक कुठं हाती राहिली होती? मूठ आपण मिटवली, तेव्हा बोलायचंही आपणच. उत्खनन चालवणाऱ्या बाईंचा नंबर कॅलेंडरवर ओतिलियाच्याच बारीक अक्षरात लिहिलेला होता. तिनं चष्मा पुसला आणि फोन हातात घेतला.